दस्ती टाकलेली जागा

लातूरहून नांदेडला जाणाऱ्या दुपारच्या बसमध्ये एका बाईने धरून ठेवलेल्या जागेवरची दस्ती मी उचलून खाली टाकली आणि त्या जागेवर स्वतः बसलो. ही माझी चूक. आजवर मी ती बऱ्याचदा मऊ करून सांगितली आहे. शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगताना ‘थोडी बाचाबाची झाली’ म्हणालो, बायकोला सुरुवातीला ‘गैरसमज झाला’ म्हणालो. बाचाबाची झाली नव्हती, कारण ती बाई भांडलीच नाही. गैरसमज म्हणावा, तर तो पहिल्या दहा मिनिटांतच संपला होता. त्यानंतरचा दीड तास मी सगळं कळून बसून होतो.

मी लातूरच्या एका शाळेत शिकवतो. घर नांदेडला. बायको तिकडे नोकरीला आहे, त्यामुळे मी आठवडाभर लातूरला एका खोलीत राहतो आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी घेऊन बसस्थानक गाठतो. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. हा रस्ता मला पाठ आहे.

आमच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणतात. गाडी फलाटाला लागायच्या आत लोक तिच्याबरोबर धावतात आणि खिडकीतून दस्ती, टोपी, पिशवी, काहीच नसलं तर चप्पलसुद्धा आत टाकतात. जिथं ती पडेल ती जागा टाकणाऱ्याची. हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण दुसऱ्याच्या दस्तीला सहसा कुणी हात लावत नाही. माझे वडील या कामात तरबेज होते. आईचे गुडघे लवकर गेले होते. रेटारेटीत तिला चढता येत नसे. वडील दस्ती टाकून आत घुसत, दोन्ही हात पसरून जागा राखत आणि गर्दी आत शिरली की आई सगळ्यात शेवटी, दांडा धरून एकेक पायरी चढत येई. मी हे बघत वाढलो. पुढे शिकलो, शिक्षक झालो आणि ही सगळी पद्धत मला रानटी वाटायला लागली.

मला टोकायची सवय आहे. खरं तर होती. खिडकीतून गुटखा थुंकणाऱ्याला मी टोकत असे. मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्याला, रांगेत मध्येच घुसणाऱ्याला, केळीची साल सीटखाली टाकणाऱ्याला मी सोडत नसे. बायको म्हणायची, “तुम्ही अख्ख्या जिल्ह्याचे वर्गशिक्षक आहात का?” मी म्हणायचो, कुणीतरी बोललंच पाहिजे. चारचौघांत उठून बोलायला हिंमत लागते आणि ती माझ्यात आहे, याचा मला अभिमान होता. वर्गातही मी हे किस्से सांगत असे.

तो मार्चमधला शनिवार होता. मी चढलो तेव्हा गाडी भरली होती. पुढून तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक बाई बसली होती, पन्नाशीच्या आतबाहेरची, मांडीवर औषधांच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी. तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि तिथं निळ्या काठाची पुरुषी दस्ती पसरून ठेवली होती. बाकाजवळ एक म्हातारी दांडा धरून उभी होती.

“ही जागा कुणाची?” मी विचारलं.

“मालक यायलेत, भाऊ. खाली हायत.” मालक म्हणजे तिचा नवरा.

“खाली आहेत तर खाली राहू द्या. ही आजी उभी आहे, दिसत नाही का?”

“दोन मिंटात येतेत.”

“दस्ती टाकून जागा धरायला तुमच्या मालकानं बस विकत घेतली का?”

मागून हशा आला. एकजण म्हणाला, “रजिस्ट्री झाली आसंल, सर. कागद बघा आधी.” पुन्हा हशा. वर्गात एखादा विनोद चांगला उतरला की मास्तराला जसा चेव येतो तसा मला आला. परीक्षेत पोराकडं सापडलेली चिठ्ठी आम्ही दोन बोटांत धरून उचलतो. तशी मी ती दस्ती उचलली आणि बाकाखाली टाकली. बाईने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, मग तिने मागे, हसणाऱ्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

“बसा आजी,” मी म्हणालो.

“न्हाई रे बाबा,” म्हातारी म्हणाली. “मला हितं नाक्याला उतरायचंय. बसू कधी अन् उठू कधी?”

सगळी बस माझ्याकडे बघत होती आणि माझ्यापुढं मी जिंकलेली जागा रिकामी होती. ती तशीच सोडून मागे जाता आलं असतं. मी बसलो.

गाडी सुरू व्हायच्या बेताला तो माणूस चढला. एकेका बाकाची पाठ धरत, मध्ये थांबत येत होता. ऊन चढलं होतं तरी पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. तो पोचायच्या आधीच ती उठून माझ्यापुढून बाहेर येऊन उभी राहिली.

“या, खिडकीला बसा.”

“अन् तू?”

“मला बसून मळमळायलंय. उभीच बरी हाय.”

तो माझ्या गुडघ्यांपुढून सरकून आत गेला. मी गुडघे बाजूला घेतले, एवढंच केलं. बसताना त्याने खिडकीचा गज धरला, तेव्हा बाही ताणून वर गेली आणि मनगटाच्या वर कापसाचे दोन बोळे पट्टीने चिकटवलेले दिसले, त्यांच्याखाली फुगलेली, जाड झालेली शीर. माझ्या थोरल्या मेव्हण्याचा हात शेवटची तीन वर्षं असाच होता. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आठवड्यातले डायलिसिसचे ठरलेले वार, चार तास मशीनला लावलेलं रक्त आणि नंतर अंगात चार पावलं टाकायचंही त्राण न उरणं. या माणसाला रेटारेटीत चढता येत नाही म्हणून बायकोने आधी धावत येऊन दस्ती टाकली होती. माझे वडील आईसाठी टाकत तशीच.

मी उठायला हवं होतं. ‘ताई, तुम्ही बसा’ एवढे तीन शब्द पुरले असते. पण मागे ते हसणारे लोक अजून बसलेले होते, रजिस्ट्रीवाला तर बरोबर माझ्या पाठीमागे. मी उठलो असतो तर त्यांना कळलं असतं की सर चुकले. शिवाय तिला मळमळतंय असं तीच म्हणाली होती. तिने नवऱ्याशी बोललेल्या खोट्याच्या आडोशाला मी बसून राहिलो.

चाकूरला मागच्या बाकावर एक जागा सुटली. ती तिकडे वळली, पण दोन पावलं टाकायच्या आत खिडकीतून कुणाची तरी दस्ती येऊन त्या जागेवर पडली. ती थांबली. त्या दस्तीला तिने हात लावला नाही. परत येऊन नवऱ्याच्या बाकाशी उभी राहिली.

चाकूर मागे पडल्यावर त्याला झोप लागली. मान हलत हलत माझ्या खांद्यावर आली.

“अहो, नीट बसा,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “साहेबांना तरास होईल.”

“असू द्या,” मी म्हणालो.

त्या प्रवासात मी तिच्याशी चांगलं म्हणावं असं एवढंच बोललो. मी हललो नाही. खांद्याला मुंग्या आल्या, तरी हललो नाही, जणू तेवढ्याने फिटणार होतं. त्याच्या सदऱ्याला दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास येत होता. ती अधूनमधून आमच्याकडे बघायची. मला वाटायचं, आता ती माझ्याकडे रागाने बघेल. ती फक्त त्याची झोप लागली आहे ना, एवढंच बघत होती.

अहमदपूर आलं. तिने वाकून बाकाखालून दस्ती काढली. इतक्या पायांची धूळ तिला लागली होती. दारात तिने ती झटकली, घडी घातली आणि कमरेला खोचली. उतरण्याआधी त्याने वळून मला हात जोडले. मी मोबाइलमध्ये बघत असल्यासारखं केलं.

पुढचे शनिवार मी ती गाडी सोडून दिली. शाळा सुटली की बसस्थानकावरच्या बाकावर दोन तास पेपर वाचत बसायचो आणि नंतरची गाडी धरायचो. उशीर का होतो असं बायकोने विचारलं तर शाळेत बैठक असते म्हणून सांगायचो.

मग नांदेडला एक साधीच गोष्ट घडली. मी आणि बायको स्कूटरवरून भाजी घ्यायला निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी एक मोठी पांढरी गाडी आडवी उभी होती आणि तिच्याशी टेकून कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस फोनवर बोलत होता. आमच्यामागे दोन रिक्षा अडकल्या. मी म्हणालो, “साहेब, जरा...” त्याने हाताने थांबायची खूण केली आणि बोलणं चालू ठेवलं. मी हसलो. खरोखर हसलो, त्याला आवडेल असं. आणि स्कूटर वळवून लांबच्या रस्त्याने नेली.

बायकोने भाजी घेऊन पिशवी स्कूटरला अडकवली. मग म्हणाली, “याला नाही बोललात.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी गॅलरीत बसून, गेल्या काही वर्षांत मी कुणाकुणाला टोकलं ते आठवत राहिलो. गुटखा थुंकणारा बांधकामावरचा मजूर होता, अंगावर सिमेंट. गाणी लावणारी दोन पोरं नायगावकडची, बाजार समितीत पोती उचलून घरी निघालेली. सालं टाकणारी बाई, रांगेत घुसणारा म्हातारा. एकही माणूस असा आठवेना की ज्याच्याकडून उलट मार खायची किंवा शाळेत फोन जायची भीती होती. टोकायच्या आधी मी दरवेळी कपडे आणि चपला बघत होतो आणि बघतोय हे मला स्वतःलाही कळत नव्हतं. ज्याला मी हिंमत म्हणत होतो ती एवढीच होती.

नंतर मी बोलणंच सोडलं. एकदा औशाला लग्नाला जाताना बसमध्ये पुढच्या माणसाने खिडकीतून पिंक टाकली आणि वाऱ्याने ती मागे बसलेल्या मुलीच्या ओढणीवर आली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, कारण वयाने मोठा असा मीच जवळ होतो. मी मान खाली घातली. ती पाण्याने ओढणी पुसत राहिली. गप्प राहण्याला मी मनात पश्चात्ताप म्हणत होतो. पण त्या मुलीला त्याचा काय उपयोग होता? आधी दुबळ्यांना बोलत होतो, आता कुणालाच नाही. दोन्हीकडे मी स्वतःलाच सांभाळत होतो.

शेवटी बायकोला सगळं सांगितलं. बाईची दस्ती, माणसाचा हात, बैठकांचं खोटं, सगळं. ती भाजी निवडत ऐकत होती.

“मग जाऊन सांगा त्यांना,” ती म्हणाली.

“भेटतील का आता?”

“शनिवारी जातातच ना ते. त्या मशीनला काय सुट्टी असते?”

मी ठरवलं. आणि इथंही मास्तर आडवा आला. अपमान चारचौघांत केला तर माफीही चारचौघांतच मागायची, असं मला वाटलं. काय बोलायचं ते मी वहीत लिहून काढलं. शिक्षकांच्या खोलीत कुणी नसताना एकदा म्हणूनही बघितलं. बोलताना माझा आवाज भरून आला आणि तो भरून आलेला मला बरा वाटला. आज ते आठवलं की लाज वाटते.

शनिवारी मी त्या गाडीत चढलो. ती तिसऱ्या-चौथ्या बाकावरच होती, शेजारी तीच निळ्या काठाची दस्ती. तिने मला ओळखलं. तिचा हात आधी दस्तीवर गेला. घट्ट दाबून धरली तिने.

“ताई,” मी मोठ्याने सुरुवात केली, “मागे याच गाडीत मी तुम्हाला...”

“साहेब, हळू.”

“नाही, सगळ्यांना कळू द्या. तुमचे मालक आजारी असताना मी...”

“हळू म्हणलं न्हवं का मी?”

तिचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला होता. मी थांबलो. तिने मला खाली वाकायची खूण केली आणि जवळजवळ कुजबुजत म्हणाली, “मागं आमच्या गावचे चौघं बसलेत. पोरीचं जमायलंय. किडनीचं कुणाला कळू दिलं न्हाई अजून, मणक्याचं हाय म्हणून सांगतो. त्याच्यापायीच तर त्या दिवशी तोंड शिवून बसले मी. आता तुम्ही दवंडी पिटायलात.”

म्हणजे त्या दिवशी तिला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. ‘माझा नवरा आजारी आहे’ एवढं ती म्हणाली असती तर हसणारे सगळे तिच्या बाजूने झाले असते. लेकीसाठी तिने ते वाक्य गिळलं होतं, माझा विनोद आणि लोकांचं हसणं वरून घेतलं होतं. आणि मी तिचं राखलेलं गुपित माझ्या माफीसाठी बसभर सांगायला निघालो होतो. (त्या मुलीचं लग्न आता झालं आहे, आणि सासरच्यांना सगळं ठाऊक आहे. नाहीतर हे लिहिलं नसतं.)

“काय झालं, सर?” मागून कुणी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “ओळखीचे वाटले.”

मी मागे जाऊन दांडा धरून उभा राहिलो. चाकूरला जागा झाली, तरी बसलो नाही. तो माणूस तिच्याशेजारी दस्तीच्या जागेवर बसला होता, आधीपेक्षा वाळलेला. झोपला तेव्हा मान तिच्या खांद्यावर गेली.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते. त्यांच्यामागे मीही उतरलो. गावचे चौघे काळीपिवळी जीप धरायला पुढे गेले. हे दोघं पाण्याच्या टाकीजवळ सावलीला थांबले. ती बाटली भरू लागली. मी जवळ जाऊन उभा राहिलो. वहीतलं सगळं निरुपयोगी झालं होतं. तोच आधी बोलला.

“आरं, साहेब. तुम्हीच न्हवं का ते?” त्याचा चेहरा उजळला. “मागं तुमच्या खांद्यावर मुंडी टाकून झोपलो होतो मी. दुसरा कुणी आसता तर ढोसून उठिवलं आसतं. तुम्ही हललाबी न्हाईत. हिला म्हणलं मी घरी गेल्यावर, लई भला माणूस भेटला.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही आणि इतक्या आठवड्यांतही नाही. आपल्यापायी बायकोला दीड तास उभं राहावं लागलं हे त्याला कळू नये, म्हणूनच बहुधा. तिला माफी आधीच नको होती. त्याला तर मी भला माणूस वाटत होतो. हसून, तब्येत सांभाळा म्हणून, मला परत गाडीत चढता आलं असतं. कंडक्टर दाराशी येऊन उभा राहिलाही होता.

“ताई,” मी हळू विचारलं, “बोलू का?”

तिने बाटलीचं झाकण लावलं. थोडा वेळ नवऱ्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे.

“बोला काय बोलायचं ते,” ती म्हणाली. “हितं आपलं कुणी न्हाई.”

“मी भला माणूस नाही,” मी त्याला म्हणालो. आवाज आमच्या तिघांपलीकडे जाणार नाही एवढाच ठेवला. “त्या दिवशी मी बसलो होतो ती जागा तुमची होती. ताईंनी तुमच्यासाठी दस्ती टाकली होती. ती मी उचलून खाली टाकली, तुमच्या नावाने विनोद करून लोकांना हसवलं आणि तिथं स्वतः बसलो. ताईंना मळमळत नव्हतं. माझ्यामुळे त्या उभ्या होत्या. तुमचा हात बघून मला सगळं कळलं होतं, तरी मी उठलो नाही. ताई, माझं चुकलं. दादा, मला माफ करा.”